मुलगा सांगलीहून पुण्याच्या कॉलेजात चाललाय, कॉलेजला सांगावं का?

प्रश्न – सांगलीची आई

मुलगा बारावी कॉमर्स पास झाला. त्याला ऑटिझम आहे, शिवाय डिसग्राफिया. उत्तर तोंडपाठ असतं, पण लिहायला बसला की हात अडतो. दहावी-बारावीला बोर्डाकडून लेखनिक आणि जादा वेळ मिळाला. शाळेतल्या बाई त्याला लहानपणापासून ओळखत, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. आता पुण्यात बी.कॉम.ला प्रवेश मिळालाय. हॉस्टेलला राहीन असं तो स्वतःहून म्हणतोय आणि मलाही त्याला पाठवायचंय. आमचे हे म्हणतात, कॉलेजात काही बोलू नकोस, पोरावर शिक्का बसेल. सांगावं का? आणि बोर्डाच्या सवलती पुढे आपोआप चालू राहतात का?

उत्तर – ठाण्याची आई (मुलगी टी.वाय.ला, डिस्लेक्सिया)

ताई, आपोआप काहीच होत नाही. बोर्डाची परवानगी बोर्डापुरतीच. कॉलेजात नव्याने अर्ज करायचा.

पण त्याआधी एक बघा. डिसग्राफियाचं प्रमाणपत्र कितव्या वर्षी काढलंय? केंद्राच्या 2018 च्या नियमांत अध्ययन अक्षमतेची (डिसग्राफिया, डिस्लेक्सिया यातच येतात) तपासणी 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा करायची होती, आणि 18 व्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र कायमचं चालायचं; 2024 मध्ये हे नियम सुधारलेत, तेव्हा सध्याचं रुग्णालयात विचारा. नेमकं कॉलेज सुरू होतं तेव्हाच हे वय येतं. प्रवेशाच्या गडबडीत ते मागे पडतं आणि परीक्षेच्या तोंडावर कागद जुना निघतो. सरकारी रुग्णालयात नंबर लागायला वेळ जातो, तेव्हा सांगलीत असतानाच उरकून घ्या. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज टाका.

तुमच्या ह्यांना सांगा, ऑफिसला कळवणं वेगळं आणि वर्गाला कळवणं वेगळं. आमच्या मुलीच्या वर्गातल्या बहुतेकांना अजून माहीत नाही. परीक्षा विभागाला मात्र पहिल्या महिन्यातच कळवलं होतं.

उत्तर – डिग्री कॉलेजातली शिक्षिका

जरूर सांगा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित संस्थांत 5 टक्के जागा राखीव असतात. लेखनिकाबद्दल केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत असं होतं: तासाला किमान 20 मिनिटं जादा, स्वतःचा लेखनिक आणायचा असेल तर त्याचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा एक पायरी कमी हवं, आणि परीक्षेआधी दोन दिवस त्याला भेटता यायला हवं; 2025 मध्ये सूचना सुधारल्यात, तेव्हा सध्या काय लागू आहे ते परीक्षा विभागात विचारा. ही भेट सोडू नका. तुमचा मुलगा सांगणार आणि दुसरा लिहिणार, तर त्या दोघांची लय आधी जुळायला हवी.

आता माझं कळकळीचं सांगणं. पालक फाइल घेऊन येतात, सगळं तेच बोलतात आणि मुलगा शेजारी खाली मान घालून बसतो. मी मुलाकडे वळून विचारते, "तुला काय अवघड जातं?" बहुतेकदा उत्तर आई देते. मुलगा चालू सेमिस्टरमध्ये मला रोज भेटणार आहे, आई नाही. तेव्हा सुट्टीतच त्याच्याकडून अर्ज लिहून घ्या, हाताने नको, टाइप करू दे. मला काय जमतं, कुठे अडतं, काय मिळालं तर जमेल, एवढंच. मग तो अर्ज त्यानेच द्यावा, तुम्ही बाहेर बाकावर बसा. त्याला बोलणं जड जात असेल तर मेल करू दे, तेही बोलणंच आहे.

आणि सबमिशनच्या तारखांवर नजर असू द्या. पहिल्या वर्षी लेखी परीक्षेपेक्षा मुलं तिथेच गळतात, कारण मागे लागणारं कोणी नसतं.

उत्तर – एम.कॉम. करतोय, मलाही ऑटिझम आहे, तीन वर्षं हॉस्टेल

काकू, अभ्यासाचं बाकीच्यांनी सांगितलं. मी हॉस्टेलचं सांगतो.

मेस गर्दीच्या वेळी सहन होत नाही. सुरुवातीला किंवा शेवटी जेवायला जाता येईल का, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारा. गणपतीआधी पथकांचा ढोलाचा सराव चालतो, संध्याकाळी लांबवर ऐकू येतो. आवाज रोखणारे हेडफोन आत्ताच घ्या. तास बदलला की ग्रुपवर मेसेज येतो, आणि शेकडो मेसेजांत तो दिसत नाही. वर्गातल्या एकाला त्याने स्वतः विचारून ठेवावं, "बदल झाला तर मला वेगळं कळवशील का?" मला असा एक मित्र मिळाला आणि माझं कॉलेज सुरळीत झालं.

एक विनंती. रूममेटला त्याच्या नकळत फोन करू नका. काय सांगायचं, कधी सांगायचं, हे त्यालाच ठरवू द्या.

सांगलीची आई

आताच कपाट उघडून पाहिलं. प्रमाणपत्र चौदाव्या वर्षीचं आहे आणि ऑगस्टमध्ये तो अठरा पूर्ण करतोय. उद्या रुग्णालयात चौकशी करते. अर्ज त्याने टाइप करायला घेतलाय. "मी मेलच करणार" म्हणतोय. जाण्याआधी मेसचं जेवण दाखवायला एकदा नेऊन आणावं का?

एम.कॉम.वाला

हो, पण सोमवारी न्या. रविवारी मेस जवळपास रिकामी असते, त्यावरून अंदाज येत नाही.