मदत हवी आहे: मे महिन्यात मॉन्टेसरी कोर्स, सातारा

पोवईनाका: मला मॉन्टेसरी शिक्षिका व्हायचंय. सुट्टीतच जमेल, वर्षभर शक्य नाही. इथे एका ठिकाणी ४५ दिवसांत डिप्लोमा देतात, शनिवारपर्यंत पैसे भरा म्हणतात. भरू का? लवकर सांगा.

मिरजकर: फी किती? सध्या काय करता? मुलं कोणत्या वयाची? तीन ते सहाचा कोर्स वेगळा, सहा ते बाराचा वेगळा. काहीच न सांगता कोण काय सांगणार?

जुना_डीएड: ताई, त्यापेक्षा टीईटी द्या. सरकारी नोकरी लागली की जन्माची काळजी मिटते.

पोवईनाका: काका, टीईटीचं विचारलेलंच नाही. फी अठरा हजार. सहा वर्षं बालवाडीवर आहे, तीन ते सहाचीच मुलं.

वाईची_लेक: हे आधी सांगायचं ना! थांबा, भरू नका. मी बंगळूरला राहून वर्षभराचा कोर्स केला. प्रत्येक साहित्य मुलापुढे कसं मांडायचं ते स्वतःच्या हातानं लिहून अल्बम करायचा, तो तपासला जायचा. गुलाबी मनोरा, म्हणजे एकावर एक रचायचे लहानमोठे ठोकळे, न बोलता, सावकाश मांडायला शिकण्यातच माझे चार दिवस गेले. शिवाय वर्गात कोपऱ्यात बसून नुसतं निरीक्षण, तासन् तास. परदेशात दोन-तीन उन्हाळ्यांत वाटलेले कोर्स असतात, पण मधल्या काळातही काम चालूच असतं. मॉन्टेसरी नावावर कुणाची मालकी नाही, पाटी कुणीही लावतं. एएमआय म्हणजे असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल, ही पद्धत काढणाऱ्या मारिया मॉन्टेसरीबाईंनी स्वतः १९२९ साली स्थापलेली संस्था. डिप्लोमा तिचा आहे का ते विचारा. तिचा सहायकाचा छोटा कोर्सही असतो, पण तो शिक्षकाचा नव्हे.

कराडचा_रंधा: कोर्स राहू द्या, साहित्य सुताराकडून करून घ्या. मनोरा म्हणजे एक ते दहा सेंटिमीटरचे दहा ठोकळे. मी पुतणीला करून दिलाय.

वाईची_लेक: दादा, मनोरा जमेल. दट्ट्यांची पेटी करून बघा, म्हणजे लाकडातल्या भोकांत नेमके बसणारे वेगवेगळ्या मापांचे दट्टे. एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक उरतो, मुलाला चूक तिथंच कळते, बाईंना बोलावं लागत नाही. भोक जरा सैल झालं की सगळं फुकट.

मिरजकर: एवढी महागडी लाकडं लागतातच कशाला? बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ला बोर्डीत काम सुरू केलं, पुढे कोसबाडला शिंपले, बिया, दगड घेऊन आदिवासी मुलांना शिकवलं. सहकारी अनुताई वाघ बरोबर होत्या. ते आपलं आहे.

वाईची_लेक: मान्य. पण ताराबाईंनी आधी मूळ पद्धत पक्की शिकून मग बदलली. उलटं होत नाही.

जुना_डीएड: मारियाबाई १९३९ साली मद्रासला अड्यारला आल्या आणि युद्धामुळे १९४६पर्यंत इथेच अडकल्या. आमच्या वेळी डीएडला हे शिकवायचे.

पोवईनाका: त्या कोर्सवाल्या बाईंना फोन लावला. निरीक्षण "तुमच्याच शाळेत करा" म्हणाल्या, अल्बम छापील देणार. एएमआय म्हटल्यावर गप्प. पैसे भरत नाही. पण पुढच्या मेपर्यंत रिकामी बसू का?

वाईची_लेक: रोज वीस मिनिटं एकाच मुलाकडे बघा आणि जे दिसेल तेवढंच लिहा. "हुशार", "हट्टी" असं काही नाही. कशाला हात लावला, किती वेळ, केव्हा सोडलं. महिनाभरानं वही मला दाखवा.

पोवईनाका: उद्यापासूनच. शाळा अजून आठ दिवस आहे.

कराडचा_रंधा: ताई, दट्ट्यांच्या पेटीची मापं मिळतील का? लाकूड आणून ठेवलंय.