आदरणीय धर्मनेता श्रद्धा सोडतो तेव्हा आपण त्याच्यातच खोट का शोधतो?

लीहायकर

अकरा वर्षं झाली आम्हाला अमेरिकेतल्या युटा राज्यात. लीहाय हे सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेचं गाव. सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे आता इथे मराठी घरंही बरीच आहेत. आमच्या गल्लीत दोन घरं सोडली तर सगळे मॉर्मन, म्हणजे जोसेफ स्मिथने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्थापन केलेल्या ख्रिस्ती पंथाचे. (२०१८ पासून चर्च सांगतंय की हा शब्द नको, पूर्ण नाव घ्या. मराठीत दुसरा शब्द रुळलेला नाही म्हणून तोच लिहितो.) असे शेजारी मिळायला भाग्य लागतं, हे आधीच सांगतो. आम्ही राहायला आलो त्या दिवशी ट्रकमधलं सामान उतरवायला न बोलावता सात जण आले होते.

त्या सातांत पुढे होते ते आमचे समोरचे शेजारी. ते तेव्हा वॉर्डाचे, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीचे, बिशप होते. इथला बिशप म्हणजे झगा घातलेला पगारी धर्मगुरू नव्हे. दिवसा आपली नोकरी करायची आणि संध्याकाळी, रविवारी काहीशे माणसांचा संसार बघायचा. कोणाची नोकरी गेली, कोणाचं लग्न मोडायला आलंय, कोणाला मंदिरात जायचा दाखला द्यायचा, सगळं त्याच्याकडे. पाचेक वर्षं, एक पैसा न घेता. या माणसाने ते मनापासून केलं.

गेल्या वर्षी त्यांनी चर्चला जाणं थांबवलं. पहिल्या आठवड्यात त्यांच्या पायरीवर घरी भाजलेले पाव, दालचिनीचे रोल, चिठ्ठ्या. दुसऱ्या महिन्यापासून कुजबुज. मी बाहेरचा, त्यामुळे लोक माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. तीनच कारणं कानावर आली: कोणीतरी दुखावलं असेल, काहीतरी पाप लपवत असतील, किंवा प्रार्थना सोडली म्हणून मन भरकटलं. त्यांनी काय वाचलं, काय प्रश्न पडला, हे त्यांना एकानेही विचारलं नाही.

एका शनिवारी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, चहा मिळेल का? मॉर्मन लोकांना चहा-कॉफी वर्ज्य. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचा तो आयुष्यातला पहिला चहा. बायकोने आलं घालून केला. कप दोन्ही हातांत धरून ते कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. वर साय धरली. मग एक घोट घेतला आणि म्हणाले, "माझ्या आईला हे कळलं तर ती रडेल."

हान्स मॅटसन यांचं प्रकरण काहींना आठवत असेल. स्वीडनमधल्या मॉर्मन घराण्याची तिसरी पिढी. २००० ते २००५ ते युरोपातले 'एरिया सेव्हन्टी' होते, म्हणजे बिशपच्या कितीतरी वरचं पद. लोक इंटरनेटवर वाचलेलं घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले: जोसेफ स्मिथच्या अनेक बायका, टोपीत दगड ठेवून सांगितलेलं त्यांच्या धर्मग्रंथाचं, म्हणजे 'मॉर्मनच्या पुस्तका'चं, भाषांतर, कृष्णवर्णीयांना १९७८ पर्यंत नाकारलेलं याजकपद. आधी त्यांनी तो विरोधकांचा अपप्रचार मानला. वरिष्ठांकडे उत्तरं मागितली, ती मिळेनात, म्हणून स्वतः वाचायला बसले आणि पायाखालची जमीन सरकली. २०१०मध्ये चर्चचे इतिहासकार मार्लिन जेन्सन आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टर्ली शंका असलेल्या स्वीडिश सदस्यांना भेटायला स्टॉकहोमला गेले, तेव्हा मॅटसन त्यांच्यात बसले होते. जुलै २०१३मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही सगळी कहाणी पहिल्या पानावर छापली.

तेव्हाही तेच झालं. माणसाची झडती घेतली गेली, प्रश्नाची नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा अन्याय आहे. तुम्हाला काय वाटतं?

मनस्वी

लेख पोटतिडकीने लिहिलाय, पण मी दुसऱ्या बाजूने बोलते. नेत्याची श्रद्धा ही त्याची एकट्याची गोष्ट नसते. हा माणूस पाच वर्षं लोकांना दशमांश द्या म्हणत होता, म्हणजे कमाईतले शंभरातले दहा. तो सांगतो म्हणून पोरं दोन वर्षं घर सोडून मिशनला, म्हणजे धर्मप्रचाराला, गेली. आता तो म्हणणार, मला नवं कळलं, मी निघालो. मागच्यांचं काय? डॉक्टरने दहा वर्षं एक औषध दिलं आणि मग त्याचा स्वतःचाच त्यावरचा विश्वास उडाला, तर पेशंटने त्याला जाब विचारायचा नाही का? लोक कारण शोधतात कारण त्यांना आपल्या आयुष्याचा हिशोब लावायचा असतो. त्याला 'कुजबुज' म्हणून मोकळं होऊ नका.

रायगडचा

शीर्षक वाचून वाटलं वाळीत टाकल्याची कथा आहे. वाळीत टाकणं आमच्या तालुक्यात डोळ्यांनी पाहिलंय. दुकानदार मीठ देत नाही, विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. महाराष्ट्राला २०१६मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तुमच्या शेजाऱ्यांच्या दारात लोक पाव ठेवतायत! दोन्ही एका मापाने मोजू नका.

लीहायकर

@रायगडचा, वाळीत टाकलं असं मी कुठेही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. पण एक गोष्ट सांगतो. मॉर्मन लग्न मंदिरात होतं आणि मंदिरात दाखला असलेल्यालाच प्रवेश. २०१९पर्यंत अमेरिकेत असा नियम होता की आधी नागरी लग्न केलं तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबायचं. म्हणून जोडपी थेट मंदिरातच लग्न करत, आणि ज्या आईबापांकडे दाखला नाही ते पोटच्या पोरीच्या लग्नाला बाहेर, हिरवळीवर थांबत. त्यांना मीठ मिळत होतं, पाणीही मिळत होतं.

रायगडचा

हे माहीत नव्हतं. बापाला पोरीच्या लग्नात आत न घेणं हे वाईटच. पहिल्या प्रतिसादातला सूर मागे घेतो, तुलनेचा मुद्दा कायम.

अमृतवेल

मी या चर्चची सदस्य आहे. ठाण्यात वाढले, नोकरीसाठी बंगळुरूला आले आणि तिथे बाप्तिस्मा घेतला. इथे बहुधा मी एकटीच असेन, म्हणून थोडं लांबण लावते.

पहिलं म्हणजे, सोडून जाणाऱ्याशी संबंध तोडा अशी शिकवण आमच्यात नाही. उलट ऑक्टोबर २०१३च्या अधिवेशनात, म्हणजे मॅटसन प्रकरणानंतर तीनच महिन्यांत, डीटर उख्टडॉर्फ बोलले. ते तेव्हा सर्वोच्च तिघांपैकी एक होते. लोक जातात ते दुखावले गेले, आळशी झाले किंवा पापात पडले म्हणून, असं आपण धरून चालतो पण ते इतकं सोपं नसतं, असं त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं. चर्चच्या नेत्यांकडून चुका झाल्यात हेही मान्य केलं. लीहायकरांच्या शेजाऱ्यांबद्दल बोललेली ती तीन कारणं आमच्याच नेत्याने तेव्हाच चूक ठरवलेली आहेत.

दुसरं तुम्हाला बाहेरून दिसणार नाही. आमच्यात लग्न मरेपर्यंतचं नसतं. मंदिरात नवरा, बायको, मुलं कायमची बांधली जातात, मरणानंतरही. माझा नवरा उद्या निघून गेला तर मला 'त्याचे विचार बदलले' एवढंच वाटणार नाही. अनंतकाळच्या आमच्या घरातली एक खुर्ची रिकामी झाली असं वाटेल. लीहायकरांच्या शेजाऱ्यांच्या बायकोच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पाप असेल तर पश्चात्ताप करता येतो, दुखावलं असेल तर माफी मागता येते. या दोन्हींवर इलाज आहे. 'मी वाचलं आणि मला पटेनासं झालं' यावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून लोक पाप शोधतात. तो द्वेष नसतो, घाबरलेपण असतं.

लीहायकर

@अमृतवेल, तुमची शेवटची चार वाक्यं बायकोला वाचून दाखवली. अकरा वर्षांत हे मला कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं. आभार.

तरीही विचारतो. उख्टडॉर्फ यांच्याच भाषणातलं लोकांना काय लक्षात राहिलं? श्रद्धेवर शंका घेण्याआधी आपल्या शंकांवर शंका घ्या, हे. इथे ते वाक्य शेजाऱ्यांना पाठवलेल्या एका चिठ्ठीतही होतं. 'इतकं सोपं नसतं' हे वाक्य एकाही चिठ्ठीत नव्हतं.

निशिगंध

मॅटसन यांच्याबद्दल माझं मत कडक आहे. ज्या संस्थेने मान दिला तिच्याबद्दलचं बोलणं घरात करायचं. थेट जगातल्या मोठ्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाणं म्हणजे घरची धुणी चव्हाट्यावर धुणं. साध्या सदस्याने बोलणं वेगळं आणि माजी पदाधिकाऱ्याने बोलणं वेगळं. पद सोडलं तरी पदाचं वजन सुटत नाही, बातमी त्या वजनाचीच होती.

दाभोळचा वारा

@निशिगंध, घरातच बोलायचं म्हणजे किती वर्षं? त्यांनी वरिष्ठांना विचारलं. स्टॉकहोमची बैठक झाली. मुलाखत त्यानंतर तीनेक वर्षांनी आली. आणि पुढच्या तारखा बघा. डिसेंबर २०१३मध्ये चर्चने वंश आणि याजकपद यावर स्वतःच्या संकेतस्थळावर निबंध टाकला. ऑक्टोबर २०१४मध्ये बहुपत्नीत्वावरचा आला. जोसेफ स्मिथच्या बायकांची संख्या तीस ते चाळीसच्या दरम्यान असावी आणि त्यांतली एक पंधराव्या वाढदिवसाला काही महिने बाकी असलेली मुलगी होती, हे त्यात चर्चनेच लिहिलंय. म्हणजे स्वीडनमधले लोक जे विचारत होते त्यातलं बरंचसं खरं होतं. एका मुलाखतीमुळे हे घडलं असा दावा मी करत नाही. पण ज्याला अपप्रचार म्हटलं जायचं ते चर्चच्या संकेतस्थळावर आल्यावर 'तुम्ही खोटं बोलत नव्हता' एवढं तरी त्या माणसांना सांगायला हवं होतं.

अमृतवेल

@दाभोळचा वारा, हे निबंध मी वाचलेत. बहुपत्नीत्वावरचा वाचून दोन रात्री झोप लागली नाही, आणि तरी मी आहे. २०१६मध्ये प्रेषित (चर्चच्या वरिष्ठ नेत्यांपैकी एक) रसेल बॅलर्ड यांनी धर्मशिक्षकांना सांगितलं की विद्यार्थ्याने प्रामाणिक प्रश्न विचारला आणि शिक्षकाने 'त्याची काळजी करू नकोस' म्हटलं, ते दिवस गेले. उशीर झाला हे मान्य. पण जाणारा प्रामाणिक आणि राहणारा आंधळा, असं ठरवू नका. सोडून गेलेल्यांनी मला 'तुझं डोकं धुतलंय' असं तोंडावर म्हटलेलं आहे. तीही झडती माणसाचीच.

आणि परतणारेही असतात. मॉर्मनचं पुस्तक खरं आहे अशी साक्ष देणाऱ्या पहिल्या तिघांपैकी ऑलिव्हर काउडरी याला १८३८मध्ये काढून टाकलं होतं. दहा वर्षांनी तो पुन्हा बाप्तिस्मा घेऊन आला. आम्ही आजही त्याचं नाव आदराने घेतो.

दाभोळचा वारा

आला म्हणून घेता. आलाच नसता तर?

अमृतवेल

प्रामाणिकपणे सांगते, कमी घेतलं असतं. हे मला स्वतःलाही बरं वाटत नाही.

मनस्वी

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. @लीहायकर, तुमचे शेजारी बिशप असताना कोणी शंका घेऊन आलं होतं का? आणि तेव्हा ते काय म्हणाले होते?

लीहायकर

हो. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. टाळलं, कारण ते माझ्या मुद्द्याच्या आड येत होतं.

एक मुलगा आला होता, एकोणीस वर्षांचा, मिशनला निघायच्या आधी. हातात छापलेल्या कागदांचा गठ्ठा. इथे एक शब्दप्रयोग आहे: न पटणारी गोष्ट 'फळीवर ठेवायची'. आज उत्तर नाही, देव पुढे देईल, तोवर वर ठेवून दे. आणि माणूस बाहेर पडला की म्हणतात, 'त्याची फळी मोडली.' बिशपांनी त्या मुलाला तेच सांगितलं, ठेव फळीवर. कागद त्याच्याकडून घेतले आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकले. मुलगा मिशनला गेला, दोन वर्षांनी परत आला, लग्न झालं, आता दोन मुलं आहेत आणि वॉर्डात शिकवतो.

ते कागद शेजाऱ्यांनी कित्येक वर्षांनी घर आवरताना खणातून काढले आणि वाचले. त्यांची सुरुवात तिथून झाली.

मनस्वी

मग मी विचारत होते ते हेच. त्या मुलाने यांच्या शब्दावर आपला प्रश्न गिळला. आता यांची फळी मोडली, आणि तो त्याच फळीखाली संसार मांडून बसलाय. तुमच्या शेजाऱ्यांवर संशय घेणं चूक, हे मला पटलं. पण त्या मुलाचं त्यांच्याकडे येणं बाकी आहे. श्रद्धा सोडायला त्याची परवानगी लागत नाही. 'तेव्हा मी तुझं न वाचता उत्तर दिलं' एवढं त्याला जाऊन सांगायला लागतं.

निशिगंध

आणि त्याची राहिलेली श्रद्धाही मोडायला? हे सांगणं दयेचं कसं?

अमृतवेल

सांगावं. माझ्या बिशपांनी असं काही केलं असेल तर मला कळायला हवं. माझी श्रद्धा इतकी काचेची नाही, त्या मुलाचीही नसेल.

लीहायकर

दोन गोष्टी सांगून थांबतो, कारण इथे रात्रीचे दोन वाजलेत. शेजाऱ्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलंय. आधी घरामागच्या अंगणात नागरी लग्न, मग दुसऱ्या दिवशी ती दोघं मंदिरात. आता वर्षभर थांबावं लागत नाही. बाप अंगणात पहिल्या रांगेत असेल. काल खुर्च्या किती लागतील ते मोजायला आम्ही गेलो होतो.

@मनस्वी, त्या मुलाला ते भेटलेत का, हे मी कधी विचारलं नाही. तो समोरच्याच गल्लीत राहतो. लग्नाच्या यादीत त्याचं नाव आहे, मी पाहिलं. शनिवारी चहाला येतील तेव्हा विचारतो.