‘कोर्न’ म्हणजे धान्य की जव? आणि ‘कण’शी नातं आहे का?

प्रश्न
एका स्वीडिश पाककृतीत ‘कोर्नग्र्युन’ आहे. कोशात ‘कोर्न’चे दोन अर्थ दिसतात, धान्य आणि जव. डॅनिशमध्ये मात्र जवाला ‘ब्युग’ म्हणतात. भाषांतरात काय लिहू? शिवाय स्वीडिश उच्चार चक्क ‘कूण’ ऐकू येतो. हा आपला ‘कण’च का?

प्रतिसाद १
पाककृतीत बिनधास्त ‘जव’ लिहा. कोर्नग्र्युन म्हणजे कांडून साल काढलेले जव. डॅनिश आणि नॉर्वेजियन पाकिटावर तेच ‘ब्युगग्र्युन’ होतं. स्वीडिशमध्ये एकंदर धान्याला ‘स्पनमोल’ किंवा ‘सेद’ म्हणतात, त्यामुळे ‘कोर्न’ जवासाठी मोकळा राहिला. डॅनिशमध्ये उलट: कोर्न म्हणजे कुठलंही धान्य. डॅनिश मजकुरात ‘कोर्न’ दिसला की ‘जव’ लिहून टाकणं, ही नेहमीची चूक. स्वीडिशमध्येही जवाला ‘ब्युग्ग’ होता, पण आता तो जुनाट वाटतो. आणि ‘मिरीचा दाणा’ अशा जागी कोर्न म्हणजे नुसता दाणा; तिथे जव आणू नका.

प्रतिसाद २
‘कण’ सोडून द्या, ते ध्वनिसाम्य फसवं आहे. संस्कृत ‘क’च्या जागी जर्मानिक भाषांत (स्वीडिश, डॅनिश, इंग्रजी यांच्या कुळात) ‘ह’ येतो: संस्कृत ‘कः’ म्हणजे कोण, तोच जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, ‘ह्वेर’. कोर्नमधला ‘क’ या भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या ‘ग’पासून आलाय, म्हणून लॅटिनमध्ये दाण्याला ‘ग्रानुम’. त्याच जागी संस्कृतात ‘ज’ येतो, आणि त्याचा सख्खा भाऊ आहे... ‘जीर्ण’! मूळ धातूचा अर्थ झिजणं, म्हातारं होणं. दाणा म्हणजे बहुधा दळून झिजलेला किंवा पिकलेला. लॅटिन ‘रा’, संस्कृत ‘ईर्’ आणि जर्मानिक ‘उर्’ हे एकाच मूळ स्वराचे तीन अवतार. पुढच्या अक्षरातल्या ‘अ’मुळे ‘उ’चा ‘ओ’ झाला आणि ‘कुर्न’चं ‘कोर्न’. ‘हॉर्न’, म्हणजे शिंग, हा शब्दही याच वाटेनं गेला.

प्रतिसाद ३
‘ण’ मात्र खरा आहे, पण उसना नाही. स्वीडिशच्या बऱ्याच बोलींत ‘र’ आणि ‘न’ एकत्र आले की मूर्धन्य ‘ण’ होतो. दक्षिणेत, स्कोनमध्ये, ‘र’ घशातून येतो, तिथे तो होत नाही. आइसलँडिकमध्ये गंमत वेगळीच: ‘र’ आणि ‘न’च्या मध्ये ‘त’ घुसतो, ‘कोर्त्न’.

संस्कृतशी आणखी एक नातं हवं असेल तर गव्हाकडे बघा. जुना नॉर्स ‘ह्वेइती’ म्हणजे पांढरं धान्य, आणि आपल्या ‘श्वेत’च्याच कुळातला. आइसलँडिकमध्ये आज ‘ह्वेइती’ म्हणजे गहूही आणि गव्हाचं पीठही, तेव्हा पाककृतीत प्रमाण वाचूनच ठरवा.