तीन फुटी खाऱ्या टाकीत ब्लू टँग चालेल का?

मीठभाकर: टाकी ९०×३८×४५ सेंमी, काठोकाठ १५४ लिटर. दगड-वाळू वजा जाता १२० लिटरच्या आसपास पाणी. संप (खालची जोडटाकी) नाही, मागे लटकणारा स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, आहे. आत दोन क्लाउनफिश आणि एक वॉचमन गोबी. दुकानात ६ सेंमीचा ब्लू टँग आलाय, तोच 'डोरी' म्हणून विकतात तो. दुकानदाराचं म्हणणं, मासा टाकीच्या मापानंच वाढतो, आणि दगडावरचं केसाळ शेवाळही खाऊन टाकेल. घ्यावा का?

ओहोटी: नको. टाकी बघून मासा वाढ थांबवत नाही. तो खुरटतो, आणि खुरटतो तो घाणीतून साठलेल्या नायट्रेटमुळे, अपुऱ्या खाण्यामुळे, कोंडल्यामुळे.

निसर्गात हा ३० सेंमीपर्यंत जातो, टाकीत २०-२५ धरा. ६ चा २४ झाला की लांबी चौपट, पण वजन साधारण ६४ पट! खाणं आणि घाण त्या वजनामागे वाढते, लांबीमागे नाही. 'इतक्या लिटरला इतके सेंमी मासा' हा हिशोब म्हणूनच इथे फसतो. त्यात हा दिवसभर सुसाट पोहणारा मासा, ९० सेंमीत वेग घेतो न घेतो तोच काच येते. २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम प्रति लिटर मावतो, गोड्यात पावणेआठ. रात्री वीज गेली, पॉवरहेड (पाणी ढवळणारा पंप) थांबला, की आधी मोठा मासा धापा टाकतो. ६×२×२ फुटांची, साडेसहाशे लिटरची टाकी असेल तर विचार करा.

डबलस्किमर: थोडा वेगळा मुद्दा. मोठी टाकी पाणी भरून, सायकल होऊन (घाण पचवणारे जिवाणू रुजून) तयार असेल तर पिल्लू चार-सहा आठवडे छोट्या टाकीत ठेवायलाच हवं, क्वारंटाइनसाठी. फक्त ती टाकी आतून मोकळी असावी: तळाला काही नको, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. परजीवींवर तांब्याचं औषध द्यायचं तर दगड-वाळू मुळीच नको, ते तांबं शोषतात आणि मात्रा टिकत नाही. 'पुढच्या वर्षी मोठी टाकी करू' याला मात्र मी बेत म्हणत नाही.

ओहोटी: क्वारंटाइनबद्दल सहमत. टँगला क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे पांढरे ठिपके, पटकन धरतो. मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून ती दहा-अकरा आठवडे रिकामी चालवावी लागते.

शून्य_टीडीएस: शेवाळाचं बोलतो, कारण मूळ दुखणं तेच दिसतंय. ब्लू टँग निसर्गात बराचसा तरंगता प्लवंग खातो, केसाळ शेवाळाला तो क्वचितच तोंड लावतो. आधी शेवाळाला पोसणारं पाणी तपासा. आरओ-डीआयनंतर (आरओच्या पुढे क्षार काढणारी आणखी एक गाळणी) टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, शून्य यायला हवा. साध्या घरगुती आरओचं पाणी तसं नसतं. शेवाळ हातानं उपटा, त्याच दिवशी २० लिटर पाणी बदला, गोठवलेलं खाद्य वितळल्यावर त्याचं पाणी टाकीत ओतू नका. शेवाळ खाणाऱ्या चार टर्बो गोगलगायी पुरेत, पण त्या सैल प्रवाळ पाडतात. आधी चिकटवून घ्या.

मीठभाकर: आणि कुणी आधीच आणून बसला असेल तर?

डबलस्किमर: जाळीनं पकडू नका. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, तो जाळीत अडकतो. पारदर्शक डबा आत बुडवून ठेवा, दोन-तीन दिवस त्यातच नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) द्या, मग डबा उचला. घाबरला की हा दगडाच्या फटीत घुसतो किंवा मेल्यासारखा आडवा पडतो, फसू नका. नेताना दुहेरी पिशवी, काट्यानं एक फुटते. आणि कुणी घेत नाही म्हणून चौपाटीवर सोडणं कदापि नको. अटलांटिकमध्ये लायनफिशचा उच्छाद झालाय तो टाक्यांतूनच गेलेल्या माशांमुळे.

मीठभाकर: मग रंगाला काय? फायरफिश?

ओहोटी: हो, ८-९ सेंमीत थांबतो. नाहीतर रॉयल ग्रामा, तोही छोटा रंगीत मासा. पँथर ग्रूपरचं ठिपक्यांचं गोजिरं पिल्लू दाखवतील, तो ७० सेंमी होतो. फायरफिश मात्र दचकला की उडी मारतो. आणण्याआधी टाकीवर ६ मिमी जाळीचं झाकण बसवा, स्किमरच्या कोपऱ्यातली फटसुद्धा बुजवा.