शांतता करार ‘रखडला’ की ‘बारगळला’? (आणि ‘मानवतावादी संकट’ म्हणजे नेमकं काय?)

अनुवादिका, कोथरूड

एका छोट्या मासिकासाठी सुदानवरचा इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात झालेल्या बोलण्यांबद्दल मी ‘शांतता प्रक्रिया रखडली’ असं लिहिलं होतं. प्रुफं परत आली तर संपादकांनी ‘बारगळली’ केलेलं. विचारलं तेव्हा म्हणाले, अर्थ एकच, आणि ‘रखडली’ वाचलं की लोकांना उड्डाणपूल आठवतो.

मला हे अजिबात पटलेलं नाही. १५ एप्रिल २०२३ ला सुदानचं लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात खार्टूममध्ये लढाई पेटली. सौदी अरेबिया आणि अमेरिका मध्ये पडले. ११ मे रोजी दोन्ही बाजूंनी जेद्दामध्ये नागरिकांच्या संरक्षणाच्या घोषणापत्रावर सह्या केल्या आणि २० मे रोजी सात दिवसांच्या शस्त्रसंधीवर. महिना सरता सरता लष्कराने अंग काढून घेतलं, १ जूनला मध्यस्थांनी बोलणी थांबवली. ऑक्टोबरात पुन्हा बसले, डिसेंबरात पुन्हा उठले. पण जेद्दाचा तो कागद रद्द झालेला नाही. त्यानंतरही ‘दिलेला शब्द पाळा’ असं दोन्ही बाजूंना सांगताना त्याचाच हवाला दिला गेला. जो कागद अजून पुढे केला जातो, तो बारगळला कसा?

दुसरी अडचण त्याच लेखातली. ‘मानवतावादी संकट’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ आहे, पण माझा हात तो लिहायला धजत नाही. मदत मानवतावादी असेल. संकट कसं असेल?

शनिवारपेठी

ताई, तुमचंच बरोबर. लग्न बारगळलं म्हणजे कार्यालयाला दिलेला विसार परत मागायचा. लग्न रखडलं म्हणजे मुलाकडचे अजून ‘कळवतो’ म्हणतायत. एवढा सरळ फरक आहे.

माझे आजोबा सांगायचे की यातला ‘बार’ म्हणजे बंदुकीत ठासलेला बार. तो उडण्याआधी गळून पडला, म्हणून बारगळला. मला ही व्युत्पत्ती पटते.

मोडीवाचक

आजोबांची व्युत्पत्ती ऐकायला छान आहे, पण कागदी पुरावा हवा. तो कुणी दाखवेपर्यंत मी बाजूला ठेवतो.

मूळ प्रश्नाला आपल्याच इतिहासात दोन चांगले नमुने आहेत. १ मार्च १७७६ चा पुरंदरचा तह घ्या. (मिर्झाराजांचा नव्हे, तो १६६५ चा.) कलकत्तेकर इंग्रजांनी पुण्याच्या कारभाऱ्यांशी तो केला, मुंबईकर इंग्रजांनी तो मानलाच नाही, आणि पुढे पुन्हा युद्ध झालं. हा तह बारगळला.

आता सालबाईचा. १७ मे १७८२ ला महादजी शिंद्यांनी तो घडवून आणला. कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याची मान्यता महिन्याभरात आली. नाना फडणविसांनी मात्र पुण्याहून मंजुरी दिली ती १७८३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे इंग्रजांविरुद्धचा त्यांचा साथीदार हैदर अली डिसेंबरात वारल्यावर. मधल्या काळात तह रखडला, असं कलकत्त्याहून दिसत असणार. शनिवारवाड्यातून पाहिलं तर तो रखडलेला नव्हता, नानांनी तो हातात धरून ठेवला होता. म्हणून माझं म्हणणं असं की नुसतं ‘रखडला’ लिहिलं की कुणी ठेवला, कशासाठी ठेवला, हे झाकलं जातं.

या मधल्या अवस्थेला ‘तहकूब’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. तह आणि तहकूब ही एकाच घरातली भावंडं असावीत असं मला नेहमी वाटत आलंय.

अरबीचा विद्यार्थी, कॅम्प

मोडीवाचक सर, आदर राखून सांगतो, ती भावंडं नाहीत. ‘तहकूब’ हा अरबीतल्या ‘तवक्कुफ’वरून आला. धातू वाव-काफ-फे, अर्थ थांबणं. ‘वक्फ’ त्याच धातूचा, आणि आपल्या जुन्या कागदांतला ‘मौकूफ’ही त्याचाच. ‘तह’चा त्याच्याशी संबंध नाही.

पण यातली खरी गंमत पुढे आहे. आज अरबी बातम्यांत शस्त्रसंधीला ‘वक्फ इत्लाक अन-नार’ म्हणतात, म्हणजे गोळीबार थांबवणं. सुदानमधल्या ज्या बातमीसाठी ताई मराठी शब्द शोधतायत, तिच्या अरबी मथळ्यात आपल्या तहकुबीचा धातू बसलेला आहे. माझ्या शेजारी सुदानी विद्यार्थी राहतात, पुण्यात त्यांची संख्या बरीच आहे. ते बोलताना दुसरा शब्द वापरतात, ‘हुदना’. ही तात्पुरती, मुदतीची. युद्ध संपलं असा दावा तिच्यात नसतो.

येमेनची हुदना २ एप्रिल २०२२ ला सुरू झाली, दोन महिन्यांची. दोनदा वाढवली. २ ऑक्टोबरला मुदत संपली आणि ती पुन्हा वाढवण्यावर एकमत झालं नाही. तरी मोठ्या आघाड्यांवर पूर्वीसारखी लढाई पेटली नाही. कागद संपला, शांतता बरीचशी टिकली. याला तुमचं ‘रखडली’ही लागत नाही आणि ‘बारगळली’ही नाही.

स्वभाषा

चर्चा वाचून वाईट वाटलं. तहकूब, मौकूफ, हुदना! आपल्याकडे शब्द नाहीत का? कौटिल्याने राजनीतीचे सहा गुण सांगितले: संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय, द्वैधीभाव. यातलं ‘आसन’ म्हणजे लढायचंही नाही आणि पुढेही जायचं नाही, जागेवर बसून राहायचं. जेद्दानंतरच्या स्थितीला याहून नेमका शब्द जगातल्या कुठल्या भाषेत आहे? ‘शांतता प्रक्रिया आसनावस्थेत’ असं लिहा. पहिल्यांदा खटकेल. सावरकरांनी ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ दिले तेव्हा तेही खटकले होते.

मोडीवाचक

आसनावस्थेत म्हटलं की वाचक योगवर्गात जाऊन बसेल.

शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला, त्यामागची तळमळ मलाही कळते. तरी पुढच्या शंभर वर्षांच्या पत्रांत तह, फौज, मौकूफ हे शब्द राहिलेच, आणि ती पत्रं लिहिणारे काही कमी मराठी नव्हते. त्याच पत्रांत तहासाठी ‘सला’ भेटतो. आज आपण ‘सल्ला’ फक्त द्यायला ठेवलाय.

मूळची बीडची, आता हडपसर

मी शिक्षिका होते, कोशातली नाही. तरी बोलते.

आमच्याकडं अशा गोष्टीला ‘भिजत घोंगडं’ म्हणतात. पण मी ते या लेखात लिहिणार नाही. जमिनीच्या दाव्याला घोंगडं म्हणावं, लेकरं उपाशी असताना त्या बोलण्यांना घोंगडं म्हणू नये.

मला जास्त बोलायचंय ते ‘दुष्काळ’ या शब्दाबद्दल. ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानच्या दार्फुर भागातल्या अल-फाशेर शहराजवळच्या झमझम छावणीत फॅमिन असल्याचं तज्ज्ञांच्या समितीनं सांगितलं. आपल्या पेपरात ‘झमझम छावणीत दुष्काळ जाहीर’ असं छापलं तर माझ्या गावातला माणूस काय समजेल? पाऊस नाही, पैसेवारी पन्नासच्या खाली, तहसीलदाराचा पंचनामा. आपला दुष्काळ आभाळातून सुरू होतो. तिथला बंदुकीतून सुरू झालाय. आणि त्यांची मोजपट्टीही वेगळी आहे: शंभरातल्या किमान २० घरांत अन्नाची टोकाची टंचाई, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि दर १० हजार माणसांमागं रोज दोघांचा भुकेनं किंवा भूक आणि आजार मिळून मृत्यू.

बहात्तरचा दुष्काळ मी पाहिलाय. आई खडी फोडायला जायची, आम्हाला सुकडी मिळायची, मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. पीक गेलं होतं, पण काम निघत होतं आणि धान्य येत होतं. रस्ता कुणी बंदूक घेऊन अडवला नव्हता. दोन्हींना एकच शब्द वापरला की हा फरक पुसला जातो. म्हणून ताई, ‘अवर्षण’ वेगळं लिहा आणि तिथं ‘उपासमार’ लिहा. ‘मानवतावादी संकट’ तर नकोच. त्या दोन शब्दांत पोटही नाही आणि भूकही नाही.

आणि मोडीवाचक सरांचं खरं आहे. धान्याच्या गाड्या अडत नसतात, कुणीतरी अडवतं. ‘अडली’ आणि ‘अडवली’ यात एका अक्षराचा फरक आहे, आणि तो मराठीनं आपल्याला फुकट दिलाय.

परदेशी मदतकार्यात काम केलेली, औंध

बाई, तुमचं म्हणणं मनाला भिडतं. पण या लेखाचं मूळ जर एखाद्या मदतसंस्थेच्या अहवालात असेल, तर तिथला कर्ता मुद्दाम गाळलेला असतो. ट्रक आत न्यायला दोन्ही बाजूंची परवानगी लागते. ‘अमुक सेनापतीने धान्य अडवलं’ असं छापलं की पुढच्या नाक्यावर आपलाच ट्रक उभा राहतो. म्हणून ‘प्रवेश मिळू शकला नाही’ अशी वाक्यं लिहिली जातात. आम्हीही लिहायचो. त्यामागं भित्रेपणा नसतो, उद्याचा ट्रक असतो. भाषांतरात कर्ता घातला तर आपण मूळ लेखकाच्या तोंडी त्याने न उच्चारलेला आरोप घालतो.

मूळची बीडची, आता हडपसर

मासिक पुण्यात निघतंय. त्यांचा ट्रक कुठल्याच नाक्यावरून जाणार नाही. मग वाचकापासून कशाला लपवायचं?

अनुवादिका, कोथरूड

दोघींच्या बोलण्यानंतर लेख पुन्हा काढून बसले. लेखात घटना नावानिशी आहेत. चाडमधून येणारा आद्रेचा मार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये लष्कराच्या बाजूच्या सरकारने बंद केला, तो ऑगस्टमध्ये उघडला. अल-फाशेरला वेढा आरएसएफने घातला, आणि तो उठवा असं सुरक्षा परिषदेने १३ जून २०२४ च्या ठरावात सांगितलं. तिथे मी ‘अडवला’ लिहिते आहे, दोन्ही ठिकाणी, दोन्ही बाजूंना. जिथे मूळ लेखकाने कर्ता दिलेला नाही तिथे घालणार नाही. बोलण्यांसाठी मात्र ‘रखडली’ यावर मी अजून ठाम आहे आणि संपादक ‘बारगळली’वर. त्यांचं म्हणणं, ऑक्टोबर २०२५ मध्ये अल-फाशेर आरएसएफच्या हाती पडल्यावरही ‘रखडली’ लिहिणं म्हणजे वाचकाला खोटी आशा दाखवणं.

‘मानवतावादी’ला पर्याय अजून हवाय. ‘उपासमार’ घेतली तरी एक कोटीहून जास्त लोक घरदार सोडून निघाले, दवाखाने बंद पडले, कॉलरा पसरला, हे सगळं तिच्यात मावत नाही.

माजी सैनिक, घोरपडी

वर सगळ्यांनी ‘शस्त्रसंधी’ वापरलाय म्हणून लिहितो. आमच्या वेळी ‘युद्धबंदी’ म्हणत. काश्मीरची जी रेषा २७ जुलै १९४९ च्या कराची करारात आखली, ती मराठीत युद्धबंदी रेषाच होती. १९७२ च्या सिमला करारानंतर नियंत्रण रेषा झाली.

स्वभाषा

युद्धबंदी म्हणजे युद्धात पकडलेला कैदी.

माजी सैनिक, घोरपडी

तो हिंदीतला अर्थ. मराठीत त्याला युद्धकैदी म्हणतात. नशाबंदी, नसबंदी, दारूबंदी, तशी युद्धबंदी.

कोरियात हे दोन्ही अर्थ एकत्र आले होते. २७ जुलै १९५३ ला पानमुनजोमला युद्धबंदी झाली. मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांहून जास्त कैदी होते, ते सांभाळायला भारताची फौज गेली. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि फौजेचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. माझे वडील त्या फौजेत होते. ते ‘बंदी झाल्यावर बंदी सांभाळायला गेलो’ असं म्हणायचे आणि घरात कुणालाही अर्थ विचारावा लागत नसे. तिथला शांतता करार अजून झालेला नाही. त्याला रखडला म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.

शनिवारपेठी

काका, मग ‘जमावबंदी’चं काय? तिथे बंदी हुकूम आहे. युद्धबंदीत कुणाचा हुकूम चालतो? दोघांनी आपखुशीने थांबायचं असतं. ‘युद्धविराम’ त्यापेक्षा बरा.

स्वभाषा

विराम घेतला की वाक्य पुन्हा सुरू होतं. तुमच्या शब्दातच पुढचं युद्ध आहे.

अरबीचा विद्यार्थी, कॅम्प

पण तेच खरं आहे ना? हुदनेतही तेच आहे.

मूळची बीडची, आता हडपसर

ताईंनी ‘मानवतावादी’ला पर्याय मागितला होता, तो राहिलाच. आमच्याकडं ‘अन्नान्नदशा’ म्हणतात, पण ती एका माणसाची. गावच्या गाव उठतं तेव्हा ‘परागंदा’ म्हणतात. ‘माणसांची दैना’ कसं वाटतं?

मोडीवाचक

‘दैना’ चालेल. ‘परागंदा’ही फारसीच, स्वभाषा यांना कळवतो. सालबाईच्या वेळची काही छापील पत्रं काढून बसलोय, नानांनी त्या महिन्यांसाठी स्वतः कुठला शब्द वापरला ते शोधतोय. कुणाकडे त्या काळच्या पत्रांचे आणखी खंड असतील तर सांगा, रविवारी येऊन बघून जाईन.

शनिवारपेठी

आमच्याकडे दोन आहेत, माळ्यावर. या. पण येताना ‘वाटाघाटी’चंही बघून या. आजोबा म्हणायचे, वाट आणि घाट, दोन्ही पार केल्याशिवाय बोलणं पुरं होत नाही. तुम्ही याचाही पुरावा मागणार, माहीत आहे.