शिक्षकांनो, पोरांचं ऐकून ऐकून तुम्हालाच त्रास झालाय का?

पऱ्हाटी: परवा शेजारच्यानं अंगणात फवारणीचा पंप धुतला, त्या वासानं एकदम २०१७ आठवलं. यवतमाळकडे झेडपी शाळेत होते तेव्हा, फवारणीच्या विषबाधेचं वर्ष. चौथीतला एक पोट्टा बापाला भरती केल्याच्या दुसऱ्याच दिवशी शाळेत हजर. खिचडी वाटू लागला आणि ताट हातात धरून सांगत सुटला, बाबा म्हणे मले दिसून नाही राहिलं, घामानं शर्ट पिळून निघे असा, मग तोंडातून फेस. रडला नाही अजिबात. नंतर कितीतरी दिवस मीच रात्री दचकून उठायचे, खिचडी उतरायची नाही घशाखाली. नवरा म्हणे आपल्या घरी झालं काय? काहीच नव्हतं झालं, म्हणून तर कुणाला सांगायची लाज. तुमचं सांगा.

वऱ्हाडी मास्तर: होते बाप्पा असं. आमच्याकडे कास्तकार बापानं आत्महत्या केली का पोरगं मलेच विचारते, सर आमचे पैसे आले का. सरकारची १ लाखाची मदत, त्यातले ३० हजार हाती अन् ७० हजार ठेवीत, तेही केस पात्र ठरली तं. तहसीलात त्याच्या ओळखीचं कोणी नाही नं, मग मीच. आता शाळा सुटली का सरळ घरी नाही जात, टपरीवर बसतो, कोणाशी बोलत नाही. बायकोले वाटते पत्ते खेळतो 😀

तुरीचं वरण: पत्ते खेळत नाही याचा पुरावा द्या सर

जंगलातली मॅडम: तुम्ही घरी तरी जाता! मी गडचिरोलीत आश्रमशाळेवर, राहणं तिथंच, रात्री दोन वाजता पोरगी दार वाजवते. एकीनं जे सांगितलं ते पोक्सोतलं, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यातलं होतं, कळवणं कायद्यानं भागच, कळवलं, मग गावातल्यांनी मलाच सुनावलं. तेव्हापासून मी आणि दुसऱ्या मॅडमनी ठरवलंय, आज एकीनं ऐकलं तर उद्याची रात्र दुसरीची. आणि पोरीचं नाव न घेता एकमेकींना सांगून मोकळं व्हायचं, भाजी निवडता निवडता. मला यानंच फरक पडला, योगा शिबिरानं काही नाही

तुरीचं वरण: पऱ्हाटीताई त्या पोट्ट्याचा बाप वाचला का

पऱ्हाटी: वाचला. पोरगा आता आयटीआयला आहे, बाईकवर हात सोडून नमस्कार करतो, त्याचीच भीती वाटते आता

समुपदेशक_अमरावती: याला सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेस म्हणतात, ऐकणाऱ्याला सोसणाऱ्यासारखीच लक्षणं येतात. झोप उडणं, दचकणं, त्या मुलाला टाळावंसं वाटणं, आणि हे टाळणं शिक्षक कबूलच करत नाहीत. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. स्वतःसाठी लावा, प्रत्येक वेळी पोरांसाठीच असं नाही.

वऱ्हाडी मास्तर: लावतो नं ताई, पण रेंज पाण्याच्या टाकीवरच येते. दुःख सांगाव तं आधी शिडी चढा

जंगलातली मॅडम: 😂😂 आमच्याकडे टाकीवर पण नाही

कास्तकाराची पोरगी: मी शिक्षिका नाही, पण आमचे बाबा गेले तवा गुरुजी रोज काही न विचारता मले फळा पुसायले लावत. आता वाटते त्यायलेही सुचत नसन काही

पऱ्हाटी: अगं 🙏 पोचव त्यांना हे

कास्तकाराची पोरगी: रिटायर झाले, वर्ध्याले राहतात. पोळ्याले जाईन तं सांगीन

वऱ्हाडी मास्तर: बरं शाळेची माहिती भरायचं ते यूडायसचं पोर्टल कोणाचं चालू आहे का? टाकीवरच आहो

तुरीचं वरण: नुसतं गोल फिरून राहिलं. उतरा खाली