‘मिडलमार्च’ कोणत्या वयात वाचलीत? – अनुभव धागा

जॉर्ज एलियट या टोपणनावाने लिहिणाऱ्या मेरी ॲन इव्हान्सची ‘मिडलमार्च’ १८७१-७२ मध्ये आठ भागांत निघाली. गोष्ट मात्र चाळीस वर्षं मागची, १८२९ ते १८३२ मधल्या एका इंग्लिश गावाची. बी.ए.ला मी ती परीक्षेपुरती वाचली. नायिका डोरोथियाचा राग आला होता. एवढी हुशार मुलगी, आणि हातून काहीतरी मोठं घडावं म्हणून पंचेचाळिशी उलटलेल्या कॅसॉबन नावाच्या पंडिताशी लग्न काय करते! पन्नाशीत पुन्हा वाचली, तेव्हा लग्नानंतर रोममध्ये एकटीच बसून रडणाऱ्या त्या मुलीपाशी मी दोन दिवस अडकून पडले. तिला कशाचं रडू येतंय ते तिला नीट सांगता येत नाही. मला आता कळत होतं.

या कादंबरीत ज्यांना आपलं काही सापडलं, त्यांनी लिहा. समीक्षा नको, अनुभव हवा.

*

तालुक्याच्या गावी बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. माझा माणूस लिडगेट, कादंबरीतला तरुण डॉक्टर. पॅरिसला शिकलेला, शरीरातल्या साऱ्या ऊती ज्या एका मूळ ऊतीतून झाल्या ती शोधायची, हे स्वप्न घेऊन आडगावात आलेला. लहानपणी एका पावसाळी दिवशी तो जुन्या ज्ञानकोशात हृदयाच्या झडपांबद्दल वाचतो आणि तिथेच त्याचं ठरतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं. माझंही असंच ठरलं होतं, मामाच्या रद्दीत सापडलेल्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकावरून.

लिडगेट औषधं स्वतः विकत नाही, लिहून देतो. गावातले बाकीचे डॉक्टर बिथरतात, कारण त्यांची कमाई बाटल्यांवर. पेशंटही बिथरतात: बाटलीच नाही तर पैसे कशाचे द्यायचे? मी सुरुवातीला ठरवलं होतं, गरज नसताना सुई टोचायची नाही, सलाईन लावायचं नाही. महिन्याभरात ओपीडी निम्म्यावर आली. ‘नवा डॉक्टर सुई देत नाही’ एवढीच माझी ओळख.

त्याला कुणी कट करून बुडवत नाही, म्हणून ते जास्त लागतं. बायकोला, रोझामंडला शोभेल असं घर, फर्निचर, चांदीची भांडी, मग देणी. मग बँकर बलस्ट्रोडकडून घेतलेले हजार पौंड आणि त्या पैशाबरोबर आलेला लाचेचा संशय. शेवटी तो पैसेवाल्यांचा डॉक्टर होतो, गाऊटवर एक ग्रंथ लिहितो आणि पन्नासाव्या वर्षी जातो. लोक त्याला यशस्वी म्हणतात. तो स्वतःला म्हणत नाही.

माझ्या कपाटात सर्पदंशाच्या पेशंटची नोंदवही आहे, शोधनिबंधासाठी सुरू केलेली. दवाखान्याच्या इमारतीचा हप्ता सुरू झाला, त्याच महिन्यात नोंदी थांबल्यात. पुस्तक संपल्यावर ती वही खाली काढली. गेल्या आठवड्यात एक मुलगा मण्यार चावून आला होता, वाचला. त्याची नोंद केली आहे.

*

डॉक्टर, देण्यांवरून आठवलं. मला सगळ्यात जवळची वाटते ती मिसेस गार्थ. स्वयंपाकघरात पीठ मळता मळता मुलांना व्याकरण शिकवणारी. तिच्या नवऱ्याने फ्रेड या उधळ्या तरुणाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केलेली असते. फ्रेड येऊन हात वर करतो, आणि मुलाला धंद्याचं शिक्षण देण्यासाठी तिने साठवलेले ९२ पौंड जातात.

आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, मित्रासाठी अशीच सही केली होती. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीचे पैसे गेले, मी आयटीआय केलं. ते कळलं तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. दादांना ती एक शब्द बोलली नाही. तव्यावरची भाकरी करपली. आईची भाकरी कधी करपत नसे.

*

माझे वडील संस्कृतचे शिक्षक. निवृत्तीनंतर सतरा वर्षं आप्पा एकच काम करत होते: गावोगावच्या ग्रामदेवतांची नावं एकाच मुळातून आली आहेत, हे दाखवायचं. चपलांच्या खोक्यांत चिठ्ठ्या, खोक्यांवर नंबर. कॅसॉबनचा कधीच पुरा न झालेला ग्रंथ, ‘सर्व पुराणकथांची किल्ली’, हाच की! कॅसॉबनचा तरुण नातलग विल लॅडिस्लॉ डोरोथियाला सांगतो, हे काम जर्मन पंडितांनी कधीच मागे टाकलंय आणि कॅसॉबनला जर्मन येत नाही. आप्पांच्या विषयातलं बरंच काम आधी झालंय, हे मला ग्रंथालयात कळलं होतं. सांगायचा धीर झाला नाही.

कॅसॉबन बायकोकडे वचन मागतो, माझ्यामागे माझ्या इच्छेप्रमाणे वागशील म्हणून. ती सकाळपर्यंत वेळ मागते. उत्तर घेऊन बागेत जाते, तर तो गेलेला. मला वेळ मिळाला नाही. आयसीयूत आप्पांनी विचारलं, "खोकी बघशील ना?" मी हो म्हणाले. नंतरची आठ वर्षं ती खोकी माझ्या पलंगाखाली होती.

डोरोथिया शेवटी त्याच्या टिपणांवर लिहून ठेवते की ज्यावर माझा विश्वास नाही त्यावर मी राबू शकत नाही. ते वाचून मी रात्रभर जागी होते. पण एकोणतिसाव्या प्रकरणात लेखिका मध्येच थांबून विचारते, दर वेळी डोरोथियाच्याच बाजूने का बघायचं? आणि कॅसॉबनच्या मनात शिरते. तिथे त्याची भीती दिसते. मला आप्पांची भीती तिथे पहिल्यांदा दिसली. सिद्धांत मी सोडून दिला. चिठ्ठ्यांमध्ये त्यांनी स्वतः पायी फिरून विचारलेली गावं आहेत, म्हाताऱ्यांनी सांगितलेली नावं आहेत. तेवढी वेगळी काढून टाइप करते आहे.

*

मला विल लॅडिस्लॉ अजूनही पटत नाही. कॅसॉबनच्या मृत्युपत्रातली ती अट, त्याच्याशी लग्न केलंस तर इस्टेट जाईल, वाचून मात्र अंगावर काटा आला. मेल्यावरही माणूस मुठी आवळून असतो.

*

मी लंडनला असते. मेरी ॲन लग्नाविना जॉर्ज लुईसबरोबर राहिली, धर्मश्रद्धाही सोडलेली, त्यामुळे १८८० मध्ये ती गेली तेव्हा, नामवंतांना जिथे पुरतात त्या वेस्टमिन्स्टर ॲबेत तिला जागा मिळाली नाही. तिथे स्मृतिशिला बसली ती शंभर वर्षांनी. तिचं थडगं लंडनच्याच हायगेट दफनभूमीत आहे. कादंबरीचा शेवट, जगाचं भलं काही अंशी अज्ञात आयुष्यं जगलेल्यांमुळे होतं आणि त्यांच्या थडग्यांकडे कुणी फिरकत नाही, हा मी तिथे उभी राहून आईला मराठीत सांगितला. आई साताऱ्याहून आली होती.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या आत्याने मला मुळाक्षरं शिकवली. बालविधवा. तिला माहुलीच्या घाटावर, स्मशानात नेलं, तेव्हा मी शाळेत होते." हातात दोन फुलं होती. एक तिने दगडावर ठेवलं, दुसरं त्याच्या शेजारी जरा अंतर सोडून. "हे आत्याचं," म्हणाली.